खिळा, फाँट आणि अक्षर

लातूरहून नांदेडकडे जाताना वाटेत चाकूर लागते. तेथील एका शाळेत काही शिक्षकमित्रांबरोबर आम्ही बसलो होतो. बोलता बोलता १९९८ सालची गोष्ट निघाली. त्या वर्षी हैदराबाद मुक्तिसंग्रामाला ५० वर्षे पूर्ण झाली. शाळेतल्या मुलांनी आसपासच्या गावांत फिरून म्हाताऱ्या माणसांना रझाकारांच्या काळातल्या आठवणी विचारल्या, वहीत लिहून आणल्या आणि त्यांची एक छोटी पुस्तिका निघाली. पुस्तिकेची एकच प्रत शाळेत उरली आहे, तिचीही मधली काही पाने वाळवीने खाल्लेली. आठवणी सांगणारी माणसे आता हयात नाहीत. एका सरांनी मात्र पुस्तिकेची संगणकावरील फाइल जपून ठेवली होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर अशी ती नेमाने उतरवून घेतली होती.

फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलरची खूण, कंस, स्वल्पविराम यांची नुसती खिचडी! मराठीचा एक शब्द दिसेना. "खराब झाली वाटतं," सर हळहळले.

खरे तर फाइल खराब झालेली नव्हती. २५ वर्षांपूर्वी तिच्यात जे साठवले होते ते जसेच्या तसे होते. मग हरवले ते काय? याचे उत्तर शोधायचे तर संगणकावरील लेखन-प्रकाशनात रोज वापरले जाणारे काही शब्द नीट समजून घ्यावे लागतात. त्यातले बरेचसे शब्द संगणकाहून पुष्कळ जुने आहेत.

शब्द जुने, यंत्र नवे

‘फाइल’ हाच शब्द घ्या. त्याचे मूळ दोरा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. कागद दोऱ्यात ओवून ठेवत, ती फाइल. आपल्याकडे कागद कापडात बांधून ठेवत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांचे असे हजारो ‘रुमाल’ आहेत. संगणकावरचे ‘फोल्डर’ म्हणजे एक प्रकारे हा रुमालच.

‘फाँट’ हा शब्द वितळवणे, ओतणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. छापखान्यात अक्षरांचे खिळे धातूचे असत. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण वितळवून साच्यात ओतत. शिसे लवकर वितळते, पण मऊ असते. अँटिमनीमुळे खिळा कठीण होतो आणि थंड होताना फारसा आकसत नाही, त्यामुळे अक्षराच्या कडा स्वच्छ येतात. एका आकाराच्या आणि एका वळणाच्या खिळ्यांचा पूर्ण संच म्हणजे एक फाँट.

हे खिळे लाकडी खणांच्या पेट्यांत ठेवलेले असत. इंग्रजी छापखान्यात मोठ्या लिपीतल्या अक्षरांची पेटी वर आणि छोट्यांची खाली, हाताजवळ असे. ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे त्यावरून पडली. दोन ओळींत अंतर पडावे म्हणून शिशाच्या पट्ट्या घालत. शिशाच्या इंग्रजी नावावरून त्या अंतराला ‘लेडिंग’ म्हणू लागले. आज पडद्यावर शिसे कोठेच नाही, तरी शब्द टिकला आहे.

‘मार्कअप’ हा शब्दही छापखान्यातलाच. हस्तलिखित जुळाऱ्याकडे देण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करीत असे: हे शीर्षक ठळक घ्या, येथे नवा परिच्छेद करा, हा शब्द तिरपा ठेवा. या खुणा छापायच्या नसतात, जुळाऱ्याला सांगण्यासाठी असतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली माहितीचे जागतिक जाळे सुचवले आणि १९९१ साली पहिले संकेतस्थळ सुरू झाले. त्या जाळ्यावरची पाने ज्या भाषेत लिहितात तिच्या नावातील, म्हणजे ‘एचटीएमएल’मधील, ‘एम’ हा ‘मार्कअप’चाच. संपादकाच्या खुणांची जागा ‘टॅग’ने घेतली आणि त्या वाचून पान मांडणाऱ्या जुळाऱ्याची जागा ‘ब्राउझर’ने.

म्हणजे हे शब्द परके वाटले तरी त्यांचा संसार आपल्या ओळखीचा आहे. अडचण निराळीच आहे. हे सगळे शब्द ज्या लिपीच्या छापखान्यात जन्मले, तिला २६ अक्षरे पुरतात. आपल्या लिपीला किती लागतात?

सहाशे साचे

हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी गोव्यात पडला होता. तेथे १५५६ साली छापखाना आला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते येथील लिपीत छापावे अशी त्याची इच्छा होती. १६०८ सालच्या एका पत्रात त्याने वरिष्ठांना अडचण कळवली: युरोपची २४ अक्षरे, तर येथे अक्षरांचे साचे ६०० पर्यंत जातात, ते २०० वर आणता येतील. पण तसे घडले नाही. १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मराठी, खिळे रोमन!

छापलेल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांमुळे मात्र तो ग्रंथ टिकला, आणि त्यांपैकी एक हस्तलिखित देवनागरीतही आहे.

सहाशे साचे कशासाठी? क, का, कि, की, कु अशी बाराखडी प्रत्येक व्यंजनाची. शिवाय क्त, क्र, द्ध, द्य, ष्ट अशी जोडाक्षरे. प्रत्येक रूपाला वेगळा खिळा करायचा तर संख्या वाढत जाणारच.

पुढे १८०५ साली विल्यम केरी याचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापले गेले आणि १८१० साली त्याचा मराठी कोश मोडी खिळ्यांत निघाला. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ पासून मराठी छपाई सुरू केली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसमध्ये हाताने लिहिलेले पानच दगडावर उतरवतात, त्यामुळे खिळ्यांच्या संख्येचा प्रश्नच उरत नाही. पण जे लिहिले त्याचे चित्रच मिळते. त्यातला एखादा शब्द उचलून दुसरीकडे लावता येत नाही. हा फरक लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना नावारूपाला आणला आणि देवनागरी खिळ्यांना सुबक वळण मिळाले. तरीही मराठी जुळाऱ्यापुढे चारशे-पाचशे खण असतच. केसरीसाठी ही संख्या कमी करण्याच्या खटपटीला लोकमान्य टिळक १९०४ च्या सुमारास लागले. त्या प्रयत्नांतून १९० खिळ्यांचा संच तयार झाला, तो ‘टिळक टाइप’ या नावाने ओळखला जातो. सावरकरांनी ‘इ’, ‘उ’ यांसाठी वेगळी अक्षरे न ठेवता ‘अ’लाच वेलांटी-उकार द्यावे असे सुचवले, त्यामागेही हाच हिशेब होता. टंकलेखन यंत्र आले तेव्हा तर सारी मराठी नव्वदच्या आसपास चिन्हांत बसवावी लागली.

६००, २००, १९०, ९०. तीनशे वर्षे आपण आकडा खाली आणत राहिलो. आता उलटून पाहिले की लक्षात येते, या सर्व काळात मोजणी चालली होती ती अक्षरांच्या *रूपांची*.

रोमन घरात मराठी बिऱ्हाड

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त अंक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो. या क्रमांकांच्या कोष्टकाला ‘एन्कोडिंग’, आपण ‘संकेतन’ म्हणू, असे नाव आहे. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘ॲस्की’ या कोष्टकात १२८ घरे होती. त्यात मोठ्या लिपीतल्या ‘ए’चा क्रमांक ६५. मराठीला एकही घर नव्हते.

१९८०-९० च्या दशकांत डीटीपी आले, तालुक्याच्या गावीही दुकाने निघाली. तेथे एक तोडगा सर्रास वापरला जाई. फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवायचे, पण फाँटमध्ये त्या क्रमांकाच्या घरात रोमन अक्षराऐवजी मराठी अक्षराचे चित्र ठेवायचे. ६५ व्या घरात ‘ए’च्या जागी समजा ‘क’चे चित्र. पडद्यावर ‘क’ दिसतो, कागदावर ‘क’ छापला जातो, पण फाइलमध्ये लिहिलेले असते ६५, म्हणजे ‘ए’. स्टीफन्सला जे नाइलाजाने करावे लागले तेच पुन्हा झाले: भाषा मराठी, खिळे रोमन. फरक एवढाच की या वेळी ते डोळ्यांना दिसत नव्हते.

हा तोडगा टाकाऊ होता असे म्हणता येणार नाही. त्याच्या जोरावर हजारो मराठी पुस्तके, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि दैनिके निघाली. पण कोणत्या घरात कोणते चित्र ठेवायचे हे ज्याने त्याने आपापले ठरवले होते. एका कंपनीचा ‘क’ दुसरीच्या फाँटमध्ये ‘ढ’ व्हायचा, आणि मराठी फाँट नसलेल्या संगणकावर सरळ रोमन अक्षर. छापून मोकळे व्हायचे असेपर्यंत यात फारसे बिघडत नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले आणि मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाऊ लागला, तेव्हा अडचण उघडी पडली. वाचकाने आधी आमचा फाँट उतरवून घ्यावा, मग पान वाचावे, असे मराठी संकेतस्थळांना सांगावे लागे.

चाकूरच्या फाइलचे गूढ आता उकलते. तिच्यात मराठी कधी नव्हतीच. मराठी होती ती त्या वेळच्या फाँटमध्ये, आणि तो फाँट १९९८ च्या संगणकाबरोबर गेला.

रूप वेगळे, अक्षर वेगळे

यावर खरे उत्तर शोधण्याचे काम कानपूरच्या आयआयटीमध्ये १९८० च्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ‘जिस्ट’ या नावाचे हे तंत्र पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यांनी मोजण्याची पद्धतच बदलली. रूपे मोजायची नाहीत, अक्षरे मोजायची. आपल्या लिपीची रचना मुळातच नियमबद्ध आहे: स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे आणि हलन्त. तेवढ्यांना क्रमांक द्या. जोडाक्षर कसे *दिसेल* हे संगणक नियमाने ठरवील. १९९१ साली हे कोष्टक ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक झाले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ गटाला १२८ घरे आहेत. क्रमांक सोळाच्या पायावर लिहितात. ‘क’चा क्रमांक ०९१५, ‘ख’चा ०९१६, ‘ग’चा ०९१७, ‘घ’चा ०९१८. वर्गात शिकवतो तोच क्रम! ‘क्ष’ला मात्र स्वतःचा क्रमांक नाही. तो क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक लागोपाठ ठेवून होतो.

रूप आणि अक्षर यांतला भेद ‘ल’वरून चांगला कळतो. मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा, तर हिंदी वळणाच्या ‘ल’ला उभा दंड असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी मराठी वळण ठरवून दिले. दोन्ही वळणांचा युनिकोड क्रमांक मात्र एकच, ०९३२. वळण हे फाँटचे काम. अक्षर कोणते हे सांगणे संकेतनाचे काम. फाँट बदलला तर चेहरा बदलेल, अक्षर बदलणार नाही. डीटीपीच्या तोडग्यात नेमकी हीच दोन कामे एकमेकांत मिसळली होती.

उलट, जेथे फरक वळणाचा नसून अर्थाचा आहे तेथे क्रमांकातही फरक लागतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्या शब्दात साधा ‘र’, ०९३०. दुसऱ्यात ०९३१ हे वेगळे घर वापरतात. मराठीला लागणाऱ्या ‘ॲ’ला स्वतंत्र घर मिळाले ते २००८ साली, ०९७२ हे.

ही व्यवस्था रोजच्या वापरात यायला वेळ लागला. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला. तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला. आज मोबाइलवर आजीबाई मराठीत निरोप पाठवतात आणि तो अमेरिकेतल्या नातवाला मराठीतच दिसतो, तो या क्रमांकांमुळे.

आणखी एका शब्दाबद्दल सावध राहायला हवे. १९९३ साली आलेले ‘पीडीएफ’ पानाचे रूप जसेच्या तसे गोठवून ठेवते. ते एका अर्थी शिळाप्रेसच. जुन्या फाँटमधली पीडीएफ दिसायला सुंदर मराठी असते, पण तिच्यात शब्द शोधून पाहा, किंवा एखादे वाक्य उचलून दुसरीकडे ठेवा. पुन्हा तीच खिचडी हाती येते.

कागद आहे, वाचणारा नाही

मराठवाड्यात हे दुःख नवे नाही. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती. घरगुती हिशेब, खते, पत्रे यांत मोडी चाले. १९४८ साली राज्य गेले, पुढे शाळांतून मोडीही गेली. आज कित्येक घरांच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचे खरेदीखत आहे, पण ते वाचून दाखवणारा गावात नाही. २०२३ साली मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्याचे काम शासनाने हाती घेतले, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे शोधण्याची वेळ आली. कागद शाबूत होते. वाचण्याची किल्ली हरवली होती.

मोडी विसरायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. १९९० च्या दशकातला फाँट विसरायला वीस वर्षेही लागली नाहीत. मोडीला निदान माणूस शिकून वाचू शकतो, आणि २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही स्वतःची घरे मिळाली. जुन्या फाँटमधल्या मजकुराचे तसे नाही. मराठीतला त्या दशकातला किती मजकूर अजून अशा कुलपात आहे, याचा विचार शाळा, ग्रंथालये आणि ग्रामपंचायती यांनी करायला हवा.

चाकूरची फाइल

त्या फाइलचे पुढे काय झाले, ते सांगतो. आम्ही खिचडीचे एक पान छापून नववीच्या मुलांपुढे ठेवले आणि शेजारी उरलेल्या पुस्तिकेतले तेच पान. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "सर, ही एकच खूण सारखी सारखी येतेय." तो काना होता. मराठीत काना फार वारंवार येतो. तेथून सुरुवात करून मुलांनी दोन दिवसांत बहुतेक खुणा लावल्या. त्यांचे कोष्टक बनवून सरांनी संगणकावर बदल करवून घेतले.

दोन ठिकाणी गाडी अडली. जुन्या फाइलमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली होती, कारण ती आधी *दिसते*. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, कारण उच्चार नंतर होतो. रफाराचे उलट: तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चार आधी, म्हणून युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. मुलांना हे समजावताना व्याकरणाचा एक तास आपोआप झाला.

वाळवीने खाल्लेली पाने फाइलमधून परत मिळाली. त्यांत एका आजींची आठवण होती: रझाकार येणार अशी हूल उठली की बाया ज्वारीच्या कणसांत लपून बसत, आणि लेकरू रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा देत. पुस्तिकेत हे पान गेले होते. ते वाचताना वर्ग गप्प होता.

वर्गात करून पाहा

१. वर्तमानपत्रातील एका परिच्छेदात काना, वेलांट्या, उकार, मात्रा किती वेळा येतात ते मोजा आणि स्तंभालेख काढा. वेगवेगळ्या परिच्छेदांचे आलेख सारखे येतात का?

२. मोबाइलच्या साध्या लघुसंदेशात १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ आणि मराठी अक्षराला १६ बिट धरून दोन्ही भाषांत किती अक्षरे बसतील ते काढा. (उत्तर: १६० आणि ७०. मराठीत काना-मात्राही वेगळे अक्षर मोजले जाते.)

३. ‘ळ’चा क्रमांक ०९३३, म्हणजे ‘ल’च्या लगेच पुढे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ कोठे येतो? नुसत्या क्रमांकांवरून शब्द लावले तर मराठी कोशाचा क्रम कोठे बिघडेल?

४. शाळेच्या संगणकात २००५ पूर्वीच्या मराठी फाइली आहेत का ते पाहा. असल्यास त्यांचा छापील कागद, त्या वेळच्या फाँटचे नाव आणि फाइल ही तिन्ही एकत्र जपून ठेवा. छापील प्रत हाताशी असेपर्यंत कुलूप उघडता येते.